स्पंज आधी, गोगलगाय नंतर

तुलांबेनला लोक जहाज बघायला येतात. बालीच्या ईशान्य किनाऱ्यावरचं, करंगासेम जिल्ह्यातलं हे गाव म्हणजे एक रस्ता. रस्त्याच्या समुद्राकडच्या बाजूला ओळीने डाइव्ह सेंटरं आणि छोटी हॉटेलं, दुसऱ्या बाजूला चढत चढत गेलेला गुनुंग आगुंग, तीन हजार मीटर उंचीचा जागता ज्वालामुखी. १९४२ च्या जानेवारीत ‘लिबर्टी’ हे अमेरिकन सैन्याचं मालवाहू जहाज लोंबोकच्या बाजूला जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने फुटलं. ओढून बंदरात न्यायचा प्रयत्न झाला, पण आत पाणी इतकं भरत गेलं की ते तुलांबेनच्या किनाऱ्याला लावून सोडून द्यावं लागलं. एकवीस वर्षं ते तिथे उन्हापावसात पडून होतं. मग १९६३ मध्ये आगुंगचा उद्रेक झाला, जमीन हादरली आणि जहाज घसरून पाण्यात गेलं. आज ते किनाऱ्यावरून पोहत जाण्याच्या अंतरावर, काळ्या वाळूच्या उतारावर कुशीवर पडलेलं आहे. वरचा भाग पाचेक मीटरवर, खालचा तीस मीटरच्या आसपास. नवरा शाळेत असल्यापासून दुसऱ्या महायुद्धाची पुस्तकं वाचत आलेला, त्याला जहाज हवं होतं. मला गोगलगायी हव्या होत्या.

पावसाळ्यात मोरीत निघणाऱ्या आणि मीठ टाकून मारायच्या प्राण्यासाठी कुणी विमानाचं तिकीट काढतं का, असं सासूबाईंनी निघताना विचारलं होतं. प्रश्न रास्त होता. त्यांना मोबाइलवर फोटो दाखवले तेव्हा त्या म्हणाल्या, “हे खोटं रंगवलंय.” तेही रास्तच. न्यूडिब्रँक म्हणतात ती ही समुद्री गोगलगाय. जगात तिच्या तीन हजारांच्या आसपास जाती नोंदल्या गेल्यात. काही तांदळाच्या दाण्याहून लहान, तर एखादी फूटभराहून मोठी, पण बहुतेकींचा आकार बोटाच्या पेराएवढा. जन्मतः, अळीच्या अवस्थेत, प्रत्येकीला इवलासा शंख असतो. पाण्यात तरंगत हिंडून झालं, बसायला योग्य जागा मिळाली, की ती तो टाकून देते आणि उरलेलं आयुष्य उघड्या अंगाने काढते. तेही आयुष्य बहुतेकींचं वर्षभराच्या आतबाहेर. मऊ, संथ, कवच नाही, लपायची धडपड नाही आणि अंगावर हे असले भडक रंग. हिला मासे खात का नाहीत, हा पहिला प्रश्न. त्याचं उत्तर मला तुलांबेनच्या गाईडने दिलं, पण त्याने ते कोडं म्हणून सांगितलं नाही. त्याच्यासाठी तो रोजच्या कामाचा भाग होता.

सकाळी किनाऱ्यावर तांदूळ आणि फुलं ठेवलेल्या नारळाच्या पानांच्या छोट्या छोट्या परड्या मांडलेल्या असतात. त्या ओलांडू नयेत म्हणून आपण खाली बघत चालतो, आणि खाली बघावंच लागतं, कारण इथे वाळू नाही, गोटे आहेत. ज्वालामुखीचे काळे, गोल, पायाखाली फिरणारे गोटे. जाड तळव्याचे बूट घालूनही आम्ही एकमेकांचे दंड धरून पाण्यापर्यंत जायचो. आणि शेजारून गावातल्या बायका साध्या रबरी चपला घालून, डोक्यावर सिलिंडर घेऊन निघून जायच्या. ॲल्युमिनियमचं रिकामं सिलिंडरच चौदा किलोच्या घरात असतं. हवा भरलेलं, वर जॅकेट आणि रेग्युलेटर बांधलेलं, किंवा एकावर एक अशी दोन. त्यातली एक बाई पन्नाशीच्या पुढची असावी. मी ओशाळून हात पुढे केला तर तिने माझ्याकडे, मग माझ्या पायांकडे बघितलं आणि हसून पुढे गेली.

गाईडला सगळे ‘ब्ली’ म्हणत, म्हणजे दादा, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. पहिल्या डाइव्हच्या आधी त्याने पाटीवर चित्रं काढून दाखवली. मला वाटलं, आज काय काय दिसणार त्याची यादी असेल. पण पाटीवर एकही गोगलगाय नव्हती. एक स्पंज होता, एक फांद्या फुटलेला हायड्रॉइड, एक पान, एक दोन तोंडांची बाटलीसारखी वस्तू, म्हणजे सी स्क्वर्ट. “हे शोधायचं,” तो म्हणाला. “मी गोगलगाय शोधत नाही. तिचं खाणं शोधतो. खाणं सापडलं की तिथेच थांबायचं.”

स्कूबा मी तारकर्लीत शिकले. तिथल्या गढूळ पाण्यात हात लांब केला की पंजा धूसर व्हायचा, त्यामुळे जवळचं बघायची सवय होती. पण जवळचं बघणं आणि एकाच ठिकाणी थांबणं यात फरक आहे. पाण्याखाली थांबणं हे अंगमेहनतीचं काम असतं. श्वास घेतला की शरीर वर जातं, सोडला की खाली. पाय वाळूला लागला तर काळा धुरळा उठतो आणि पुढची पाच मिनिटं कुणालाच काही दिसत नाही. ब्ली डोकं खाली, पाय वर, गुडघ्यात दुमडलेले, असा एका दगडासमोर स्थिर राहायचा आणि स्टीलच्या काडीने काहीही न हलवता फक्त दाखवायचा. न्यूडिब्रँकची खूण म्हणजे मूठ आणि तिच्यावर दोन बोटांची शिंगं.

पहिली खूण झाली ती फिलिडियासाठी. ही सगळ्यात सहज दिसणारी. काळं अंग, त्यावर निळसर राखाडी उंचवटे, उंचवट्यांच्या टोकांना पिवळा ठिपका. दगडाच्या माथ्यावर, दिवसाढवळ्या, बिनधास्त बसलेली. आजूबाजूला मासे होते, पण तिच्या वाटेला कुणी जात नव्हतं. हवाईतल्या जोहानेस नावाच्या संशोधकाने १९६३ मध्ये, म्हणजे आगुंग पेटला त्याच वर्षी, एक टिपण प्रसिद्ध केलं होतं: ही गोगलगाय टाकीत ठेवली की तिच्या अंगातून असं काही पाझरतं की बाकीचे मासे आणि खेकडे मरतात. पुढे रसायनशास्त्रज्ञांनी ते विष वेगळं काढलं आणि त्याचा माग काढत ते एका स्पंजापाशी पोचले. विष गोगलगायीचं नव्हतंच. ती जो स्पंज खाते त्याचं होतं. स्पंजाला पळता येत नाही, म्हणून तो विष तयार करतो. ही ते पचवते, कातडीखाली साठवते आणि वापरते. शंख सोडून द्यायची ऐपत तिला या खाण्याने दिली.

हे एकदा कळलं की रीफ वेगळा दिसायला लागतो. आधी मी रंगाच्या मागे होते, आणि रीफवर रंगाला तोटा नाही, त्यामुळे नजर कुठेच ठरत नव्हती. आता मी बेरंगी जागा बघू लागले. दगडाच्या खालच्या अंगाला चिकटलेला मळकट स्पंजाचा थर, त्याचा कुरतडल्यासारखा दिसणारा पांढरट भाग. त्या पांढऱ्या भागाच्या कडेने नजर फिरवली की कडेला बसलेली असायची क्रोमोडोरिस. निळ्या पाठीवर काळ्या रेघा, नारिंगी कड, नारिंगी शिंगं आणि शेपटीच्या बाजूला उघड्यावर फुललेला नारिंगी कल्ल्यांचा तुरा. सावली पडली की तुरा आत ओढून घ्यायची, थोड्या वेळाने पुन्हा बाहेर.

हे नारिंगी मला टॉर्चमुळे दिसलं, हे सांगायला हवं. पाणी सूर्यप्रकाशातला तांबडा भाग आधी गिळतं, पहिल्या काही मीटरांतच. पंधरा मीटरवर टॉर्च विझवला की तीच बाई निळसर करड्या अंगाची, काळपट किनारीची होते. म्हणजे आपण ज्या रंगांसाठी वेडे होऊन येतो त्यातले निम्मे आपण स्वतः बॅटरीत भरून खाली नेतो. आणि गोगलगायीला तर कुठलेच दिसत नाहीत. तिचे डोळे कातडीखाली असतात, उजेड आणि अंधार एवढंच सांगणारे. सगळा कारभार त्या दोन शिंगांवर चालतो. पाण्यातला वास ती शिंगांनी घेते, खाण्याचाही आणि जोडीदाराचाही. दुसरी गोगलगाय सोडून गेलेल्या चिकट मागावरून ती चालत जाते. ‘मला खाऊ नका’ ही रंगीत पाटी माशांसाठी आहे. लावणारीला ती कधी वाचता येणार नाही.

एओलिड गटातल्या गोगलगायी आणखी पुढे गेल्यात. त्यांच्या पाठीवर कल्ल्यांच्या तुऱ्याऐवजी बोटांसारखे उभे पुंजके असतात. त्या हायड्रॉइड खातात. हायड्रॉइड झाडाच्या फांदीसारखा दिसतो, पण तो प्राणी आहे, जेलीफिशचा नातेवाईक, आणि त्याच्या अंगभर डंखाच्या सूक्ष्म कुप्या असतात. उघड्या मनगटाला लागला तर रात्रभर खाज सुटते. एओलिड त्या कुप्यांसकट तो खाते. ज्या कुप्या अजून कच्च्या असतात त्या न फुटता तिच्या आतड्यातून पाठीवरच्या पुंजक्यांच्या टोकापर्यंत पोचतात आणि तिथे पिकतात. मग कुणी तिला तोंड लावलं तर त्या सुटतात. शत्रूच्या दारूगोळ्यावर किल्ला लढवायचा हा प्रकार आहे. निळी, लांबलचक टेराएओलिडिया, जिला डाइव्हर ‘ब्लू ड्रॅगन’ म्हणतात, तिच्या निळाईच्या आत खाण्यातून मिळालेलं एकपेशीय शैवालही जिवंत राहतं.

आता पानाबद्दल. पाटीवरच्या चार चित्रांपैकी मला ते सगळ्यात कमी महत्त्वाचं वाटलं होतं. उथळ पाण्यात, काळ्या वाळूतून तळहाताएवढी हिरवी, जाडसर, लोकरी पोताची पानं वर आलेली होती. अव्रेनविलिया हे शैवाल. ब्लीने एका पानासमोर थांबून खूण केली. मी बघितलं. पान. त्याने काडीचं टोक पानाच्या कडेपासून दोन बोटं अंतरावर धरलं. पान. मग त्याने जॅकेटच्या खिशातून भिंग काढून माझ्या मास्कसमोर धरलं, आणि पानावर कुणीतरी चरत होतं.

पाच-सहा मिलिमीटरचं अंग. पाठीवर हिरव्या टोकदार पाकळ्यांची दाटी, पांढरा चेहरा, त्यावर जवळजवळ असलेले दोन काळे ठिपक्यांसारखे डोळे, आणि कानांसारखी वर आलेली गडद शिंगं. जगभरचे डाइव्हर हिला कार्टूनमधल्या मेंढीचं नाव देतात आणि या एका गोष्टीत मी त्यांच्याशी वाद घालणार नाही. कोस्टासिएला कुरोशिमे हे तिचं शास्त्रीय नाव, जपानमधल्या कुरोशिमा बेटावरून आलेलं. काटेकोरपणे ही न्यूडिब्रँक नव्हे. रस शोषणाऱ्या गोगलगायींचा जो वेगळा गट आहे, त्यातली. ती पानाच्या पेशीला भोक पाडून आतला रस ओढते आणि त्यातले हरितद्रव्याचे कण, क्लोरोप्लास्ट, न पचवता पाठीवरच्या पाकळ्यांत ठेवून देते. तिचा हिरवा रंग तिचा नाहीच, पानाचा आहे.

इथपर्यंत सगळे सांगतात, आणि पुढे जोडतात की मग ही प्राणी असून झाडासारखी उन्हावर जगते. ऐकायला फार गोड आहे. पण २०१४ मध्ये जर्मन संशोधकांनी याच मोठ्या गटातल्या दोन जाती कित्येक आठवडे अंधारात, उपाशी ठेवल्या, तरी त्या जगल्या. उन्हात ते कण कार्बन बांधतात हे खरं, पण त्यावाचून गोगलगायींचं अडत नव्हतं. कदाचित ते कण म्हणजे हळूहळू पचवायची बेगमी असेल. कोस्टासिएलाच्या बाबतीत नेमकं काय आहे यावर मी पैज लावणार नाही. मात्र ‘सौरऊर्जेवर चालणारी गोगलगाय’ हा मथळा दिसला की मी आता लेख पुढे वाचण्याआधी तारीख बघते.

त्या एका पानापाशी आम्ही इतका वेळ थांबलो की नवऱ्याने दोनदा घड्याळाकडे बोट केलं. पाच मीटरवर हवा पुष्कळ पुरते, हा उथळ पाण्याचा फायदा, आणि जहाज न बघता पान बघणाऱ्या बायकोबरोबर अडकलेल्या माणसाच्या दृष्टीने तोच तोटा. पण त्या पानाच्या मागच्या बाजूला त्यानेच अंडी शोधली. मिलिमीटरभर रुंदीची पांढरी फीत, चकलीसारखी गोल गुंडाळलेली.

अंड्यांवरून त्या संध्याकाळी वारुंगमध्ये, म्हणजे रस्त्याकडच्या टपरीवजा खाणावळीत, मोठी चर्चा झाली. गोगलगायी उभयलिंगी असतात. प्रत्येकजण नरही आणि मादीही. दोघी भेटल्या की उजवी बाजू उजव्या बाजूला लावतात, दोघी देतात, दोघी घेतात आणि नंतर दोघी अंडी घालतात. इतकी समान वाटणी कुठल्याच लग्नात बघितलेली नाही, असं मी म्हटलं. मग मी नवऱ्याला जपानमधलं २०१३ चं संशोधन सांगितलं. गोनियोब्रँकस रेटिक्युलेटस ही लाल-पांढऱ्या जाळीची गोगलगाय मीलनानंतर आपलं शिश्न चक्क टाकून देते आणि चोवीस तासांत पुढचं तयार असतं, कारण जास्तीची लांबी आत गुंडाळून ठेवलेली असते. नवऱ्याने नासी गोरेंगचा चमचा ताटात ठेवला आणि विषय जहाजाकडे वळवला.

जहाजाकडे आम्ही गेलो तेव्हा खरं तर मी नुसती सोबत म्हणून गेले होते. सगळ्या बाजूंनी वाळूचा उतार, आणि मधे ही लोखंडाची सव्वाशे मीटरची भिंत. वाळूवर स्पंज रुजत नाही, हायड्रॉइड धरत नाही. त्यांना घट्ट आधार लागतो. ऐंशी वर्षांपूर्वीच्या टॉर्पेडोने आणि साठ वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीने मिळून या उतारावर तो आधार आणून टाकला. नवरा तोफ शोधत डेकच्या बाजूने वर गेला. मी एका वाकलेल्या बरगडीपाशी थांबले, कारण तिच्यावर पाटीवरचं चौथं चित्र घोसांनी लगडलेलं होतं. निळसर सी स्क्वर्टचा झुबका. आणि त्यातल्या एकाच्या तोंडात डोकं खुपसून नेम्ब्रोथा जेवत होती. काळं अंग, हिरव्या रेघा, तांबडी-नारिंगी शिंगं. ती खाताना फार सभ्य वगैरे दिसत नाही. अख्खं डोकं आत. सी स्क्वर्टमधलं विषही ती अशीच स्वतःच्या अंगात जमा करते. थोड्या वेळाने नवरा परत आला, त्याने तोफ सापडल्याची खूण केली, मी शिंगांची खूण केली, आणि दोघांनीही एकमेकांच्या खजिन्याकडे शिष्टाचारापुरतं बघितलं.

रात्रीच्या डाइव्हला हेक्साब्रँकस दिसली, स्पॅनिश डान्सर. हातभर लांब, लालभडक, कड फडकवत पाण्यात पोहते म्हणून हे नाव. आमच्यासमोर ती पोहली नाही. दगडावरून सरकत होती आणि तिच्या कल्ल्यांशेजारी तिच्याच रंगाची एक कोळंबी बसून होती. ही कोळंबी तिच्या अंगावरच राहते, विषारी मालकिणीच्या आश्रयाला. यावर अधिक लिहिण्यासारखं आहे, पण टॉर्चच्या वर्तुळाबाहेर मला काही दिसत नव्हतं आणि खरं सांगायचं तर मला थंडी वाजत होती.

फोटोवाल्यांबद्दल मात्र लिहायलाच हवं. तुलांबेनला येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांकडे कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना दिव्यांचे हात लावलेले अवजड संच असतात. चांगले फोटोग्राफर मी बघितले. दगडाला बोटही न लावता वाट बघत राहणारे. पण एका सकाळी एका गटाच्या गाईडने गोगलगाय काडीने उचलली आणि शेजारच्या जांभळ्या प्रवाळावर ठेवली, कारण मूळ जागेची पार्श्वभूमी मळकट होती. दिवे चमकले, सगळे पुढे गेले. ती मळकट पार्श्वभूमी म्हणजे तिचा स्पंज होता. आंधळ्या, मिनिटाला काही सेंटिमीटर चालणाऱ्या प्राण्याला त्याच्या जेवणापासून उचलून अनोळखी ठिकाणी सोडायचं, आणि चित्रात तो आपल्या ‘नैसर्गिक अधिवासात’ म्हणून छापायचा. ब्ली काही बोलला नाही. पाण्याखाली बोलता येत नाही ही सोय आहे. तो फक्त तिथे थांबला आणि त्यांच्या पाठी दिसेनाशा झाल्यावर त्याने तिला काडीवर घेऊन परत नेऊन ठेवलं. ती लगेच खायला लागली नाही. शिंगं इकडून तिकडे फिरवत राहिली.

शेवटच्या संध्याकाळी वारुंगमध्ये गाळासकट दिली जाणारी बालीची कॉफी घेत आम्ही लॉगबुक भरत बसलो होतो. ब्ली आमच्या पुस्तकातून जाती ओळखून देत होता आणि तीन ठिकाणी पुस्तकाशी त्याचं पटलं नाही. मी त्याला सांगितलं की आमच्याकडेही आहेत. समुद्र गढूळ, किनाऱ्यावर शहर, पण ओहोटीला खडक उघडे पडले की मुंबईत जुहूला, कार्टर रोडला, हाजी अलीला डबक्यांमध्ये समुद्री गोगलगायी सापडतात. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ची माणसं २०१७ पासून ओहोटीचं वेळापत्रक बघून लोकांना तिथे फिरायला नेतात, डोकी खाली घालून. एका गोगलगायीच्या तर नावातच मुंबई आहे. १९४६ मध्ये विंकवर्थ नावाच्या अभ्यासकाने तिचं वर्णन केलं, आजचं नाव गोनियोब्रँकस बॉम्बयानस. ओळखीच्या एका मुलाने पाठवलेला तिचा फोटो माझ्याकडे होता. फार सुंदर फोटो. रंग, शिंगं, कल्ल्यांचा तुरा, सगळं टोकदार.

ब्लीने फोन हातात घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला. मग गोगलगाय पडद्याच्या बाहेर सरकवून तो तिच्या बाजूचा खडक बघायला लागला.

“स्पंज कुठला आहे?” त्याने विचारलं.

मी वाकून बघितलं. गोगलगायीच्या मागचं सगळं, फोटो चांगला होता म्हणूनच, पार धूसर आलं होतं. नवरा म्हणाला, मुलाला फोन करून विचार. भारतात अडीच तास मागे घड्याळ होतं, तो अजून कॉलेजात असणार होता. मी मेसेज टाकला.